राजकन्येचा घेर

राजकन्या जन्माला यावी लागते, असा माझा बरीच वर्षं समज होता. ती शिवावी लागते, हे मला गेल्या डिसेंबरात कळलं.

त्याचं असं झालं. आमची कन्या मुक्ता दुसरीत आहे. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सात राजकन्यांचं एक नाटुकलं बसलं होतं. बाईंनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फर्मान काढलं की मुक्ता ही राजकन्या क्रमांक चार असून पोशाखाची व्यवस्था पालकांनी करावी. बँकेत वीस वर्षं परिपत्रकं वाचून माझी नजर आता तयार झाली आहे. 'व्यवस्था करावी' असं कुठं लिहिलेलं दिसलं, की पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे मला पुढचं वाक्य न वाचता समजतं.

माझं स्वतःचं नाट्यजीवन फार लवकर आटोपलं. १९८७ साली, चौथीत असताना, एका ऐतिहासिक नाटकात मी हुजऱ्या होतो. 'जशी आज्ञा महाराज' एवढं एक वाक्य मला होतं आणि तेही मी महाराजांच्या आधी म्हटलं. पण माझ्या कमरेला जरीचा शेला होता. खुद्द महाराजांच्या कमरेला ओढणी होती, त्यामुळे पहिल्या रांगेतले पाहुणे बराच वेळ माझ्याकडेच बघत होते. तो शेला शेजारच्या काकूंकडून मागून आणलाय, चुरगळला तर बघ, अशी तंबी आईनं दिल्यामुळे मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो नव्हतो. त्या दिवशी मी इतिहासाची जेवढी सेवा केली, तेवढी पुढे कधी हातून झाली नाही. पुढे कॉमर्सला गेलो आणि इतिहास सनावळीसकट सुटला.

तर राजकन्या. डोंबिवलीला स्टेशनजवळ असे पोशाख भाड्यानं मिळतात. दिवसाचं भाडं सहाशे, अनामत दीड हजार. दुकानदारानं निळाशार, टिकल्याटिकल्यांचा एक झगा टेबलावर पसरला. मुक्ताचे डोळे विस्फारले आणि माझं नाक आखडलं. त्या झग्याला आजवरच्या तमाम राजकन्यांचा वास येत होता. गळ्यापाशी एक हिरवट डाग होता. तो वड्याच्या चटणीचा असावा, असा मी अनुभवानं निष्कर्ष काढला. "धुवत नाही का हो?" मी विचारलं. "साहेब, धुतला की चमक जाते," तो म्हणाला. एवढा प्रामाणिक माणूस अनामत परत देईलही. पण हिनं माझा शर्ट मागून ओढला आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर आईनं सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाली, "सहाशे? त्यात शिवायचंय काय एवढं? मी शिवते."

आईचं वय पंच्याहत्तरच्या घरातलं. तिच्या मशीनचं वय पन्नासच्या. पायांनी चालवायचं उषा मशीन, बाबांनी हप्त्यावर घेतलेलं. आता ते खिडकीखाली असतं आणि त्याच्यावर वर्तमानपत्रं, औषधं, मोबाइलचे चार्जर असा संसार मांडलेला असतो. तो संसार उचलून आईनं मशीनला तेल घातलं. मी चाक फिरवून बघितलं, सुई वरखाली झाली, आणि का कोण जाणे, या यंत्राचा इतिहास बघावा असं माझ्या मनात आलं. रविवार होता. दुसरं काही काम केलं असतं तर हिनं माळा आवरायला सांगितलं असतं.

वाचकहो, शिवणयंत्राच्या इतिहासात सुईदोऱ्याइतकीच मारामारीही आहे. बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्यानं १८३० साली यंत्राचं पेटंट घेतलं आणि पॅरिसात त्या यंत्रांवर लष्कराचे गणवेश शिवायला सुरुवात केली. १८३१ साली तिथल्या शिंप्यांनी जमाव करून त्याचा कारखाना फोडला. आपली पोटं हे यंत्र शिवून टाकणार, असं त्यांना वाटलं. बँकेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या मंडळींचे चेहरे कसे झाले होते, ते ऐकून असल्यामुळे मी त्या शिंप्यांना फार नावं ठेवणार नाही. पुढे अमेरिकेत एलियास हाऊनं १८४६ साली आणि आयझॅक सिंगरनं १८५१ साली पेटंटं घेतली, आणि मग दोघांची कोर्टकचेरी झाली.

हा सिंगर मूळचा नाटकवाला. आपल्या गांधीजींनी यंत्रांवर केवढी टीका केली, पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या यंत्राला मात्र मोकळीक दिली. बायको हातानं शिवून शिवून दमते हे पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र शोधून काढलं, अशी त्यामागची कथा त्यांच्या कानावर आली होती. कथा फार गोड आहे. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार एकाहून जास्त होते आणि मुलं वीसाहून अधिक होती. म्हणजे प्रेमापोटीच, पण नेमकी कोणाच्या, हे सांगणं कठीण. एक खरं, की एवढ्या मुलांचे कपडे शिवायचे म्हणजे यंत्राला पर्याय नव्हता.

माझं लक्ष मात्र सिंगरपेक्षा त्याच्या भागीदाराकडे गेलं. एडवर्ड क्लार्क. हा वकील. यंत्र चांगलं आहे पण गृहस्थाला एकरकमी परवडत नाही, हे त्यानं ओळखलं आणि १८५६ साली हप्त्यानं विक्री सुरू केली. थोडे पैसे द्या, यंत्र घरी न्या, बाकीचे शिवून फेडा. आम्ही बँकवाले ज्याच्यावर जगतो त्या हप्त्याच्या थोर पूर्वजांत हा माणूस बसतो, आणि आमच्या शाखेत त्याचा साधा फोटोसुद्धा नाही. आईचं मशीन ज्या हप्त्यांनी आलं त्यांचं मूळ हे असं बोस्टन-न्यूयॉर्ककडे सापडलं. मशीन मात्र अस्सल देशी. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगनं १९३० नंतरच्या दशकात ते काढलं आणि 'उषा' हे नाव संस्थापकाच्या मुलीचं. म्हणजे मुलीसाठी मशीनवर बसायची प्रथा या मशीनच्या नावातच आहे. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता सुईत दोरा ओवून दे."

यंत्र झालं; कापडाचं काय? मुक्ताची मागणी स्पष्ट होती. घेर पाहिजे, मागे लोळणारा शेव पाहिजे आणि चमचम पाहिजे. रंग निळा असेल तर बरं, कारण 'फ्रोझन' सिनेमातली एल्सा निळी आहे. हिनं दोन ओढण्या काढून दिल्या. मी हॉलचा पडदा सुचवला. 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये मारिया पडद्यांतून सात मुलांचे खेळायचे कपडे शिवते. आमच्या एका पडद्यात एक राजकन्या सहज बसली असती. ही म्हणाली, "अहो, समोरच्या बिल्डिंगमधून आपलं सगळं घर दिसेल." पडदा राहिला.

आईनं काही न बोलता कपाट उघडलं आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यातून मलमलीच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. ते सोडायच्या आधीच मला कळलं. तो तिच्या लग्नातला डाळिंबी शालू होता.

आईचं लग्न १९७२ सालचं. महाराष्ट्रात त्या साली दुष्काळ होता. साताऱ्याकडच्या त्या लग्नात पंगत आखडली, वाजंत्री आखडली. शालू मात्र बाबांनी आखडू दिला नाही. दादरला जाऊन दीड महिन्याचा पगार त्यांनी त्याच्यावर ठेवला होता. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली. मी एकदम म्हटलं, "आई, हा नाही. हा कापायचा नाही."

"का?"

का, ते मला सांगता येईना. मग मी, कोणताही माणूस हरायला लागल्यावर करतो तसा, तत्त्वाचा मुद्दा काढला. म्हटलं, "राजकन्येला जुन्याचं कशाला? राजकन्येचं सगळं नवंकोरं असतं." आई म्हणाली, "कुठल्या राजकन्येचं?"

आता आली पंचाईत. माझ्या ओळखीची राजकन्या एकही नव्हती. म्हणून त्या रात्री मी मोबाइल घेऊन राजकन्या शोधत बसलो. (ही मध्ये एकदा उठून काय बघताय ते बघून गेली.) आणि वाचकहो, माझाच मुद्दा माझ्यावर उलटला.

इंग्लंडची एलिझाबेथ घ्या. तिचं लग्न झालं २० नोव्हेंबर १९४७ रोजी. तेव्हा ती राणी नव्हती, राजकन्या होती. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, पण तिकडे १ जून १९४१ ला सुरू झालेलं कपड्यांचं रेशनिंग चालूच होतं. ते उठलं १९४९ च्या मार्चमध्ये. तेव्हा भावी राणीलासुद्धा लग्नाच्या झग्यासाठी कूपनं लागली. सरकारनं तिला दोनशे जादा कूपनं मंजूर केली. देशातल्या बायकांना तिची इतकी दया आली की आपापली कूपनं त्यांनी पोस्टानं पाठवून दिली, आणि ती सगळी परत करावी लागली, कारण एकाची कूपनं दुसऱ्यानं वापरणं बेकायदा होतं. नियम म्हणजे नियम. हा भाग वाचताना माझ्या अंगावर काउंटरच्या आतल्या माणसाला येतात तसले अभिमानाचे शहारे आले.

नॉर्मन हार्टनेल हा तिचा शिंपी. त्यानं दहा हजार बारीक मोती अमेरिकेतून आणवले. पण गंमत रेशमाची. हे रेशीम ज्या किड्यांनी काढलं ते किडे शत्रुराष्ट्रातले, म्हणजे जपानी किंवा इटालियन, तर नाहीत ना, अशी चौकशी झाली. किडे चीनचे निघाले, चीन दोस्त राष्ट्र, म्हणून लग्न पार पडलं. बँकेत आम्ही गिऱ्हाइकाचे पॅनकार्ड, आधारकार्ड मागतो तर लोक वैतागतात. तिकडे किड्यांची केवायसी झाली होती.

याच लग्नाला गांधीजींनी आहेर पाठवला होता. स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं जाळीदार वस्त्र, मधोमध 'जय हिंद'. मुलीची आजी, राणी मेरी, हिला तो पंचा वाटला आणि ती संतापली. लग्नात आलेल्या आहेराचं काय करायचं हे न कळून कोणीतरी रागावणं, ही पद्धत राजघराण्यातही आहे हे वाचून मला घरच्यासारखं वाटलं. ते वस्त्र मात्र एलिझाबेथनं जपलं. २०१५ साली आपले पंतप्रधान जेवायला गेले तेव्हा तिनं त्यांना ते दाखवलं.

आणि खरी राजकन्यासुद्धा स्नेहसंमेलनात राजकन्या होते! डिसेंबर १९४१ मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, विंडसरच्या किल्ल्यात या दोघी बहिणींनी सिंड्रेलाचं नाटक केलं. अकरा वर्षांची मार्गारेट सिंड्रेला झाली, पंधरा वर्षांची एलिझाबेथ राजपुत्र. थोरलीला पुरुष पार्ट, हा न्यायही आपल्यासारखाच.

शेवटचा घाव पुढे होता. १७ जुलै २०२० रोजी एलिझाबेथची नात बिॲट्रिस हिचं लग्न झालं. तिच्या अंगात काय होतं? आजीचा जुना झगा. हार्टनेलनंच शिवलेला, आजीनं १९६२ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'च्या पहिल्या खेळाला घातलेला. त्याला नव्या बाह्या लावल्या, थोडा उसवला, थोडा बसवला, झालं. ज्या घरात जगातलं कुठलंही कापड येऊ शकतं, तिथं आजीचं कपाट उघडलं गेलं होतं. रात्री साडेबाराला मी मोबाइल ठेवला.

सकाळी आईला कूपनांची हकिकत सांगितली. तिला काही नवल वाटलं नाही. "माझ्या आईलाही कंट्रोलचंच कापड होतं," ती म्हणाली. खरंच होतं. १९४३ च्या जूनमध्ये इथल्या सरकारनं कापडावर आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला होता. लंडनच्या राजकन्येनं कूपनं मोजली त्याच्या चार वर्षं आधी साताऱ्याची माझी आजी मांजरपाटासाठी रांगेत उभी होती, आणि आजोबांच्या विरलेल्या धोतरांतून पोरांचे सदरे निघत होते. त्याच १९४३ साली ब्रिटिश सरकारनं जुन्यातून नवं कसं करावं हे बायकांना शिकवणारी एक पुस्तिका छापली. आजीच्या हातात ती पडली असती तर तिनं सरकारच्या चुका काढल्या असत्या.

कारण हा आपल्याकडचा रोजचाच धंदा. साडी ही मुळात न शिवलेली, त्यामुळे तिचं काहीही होऊ शकतं. नऊवारीचं परकर-पोलकं होतं, पोलक्याची कुंची होते, कुंचीचं दुपटं, दुपट्यांची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, आणि त्यातून कुठं जरीचा काठ उरलाच तर बोहारीण येतेच. आम्हाला बी.कॉम.ला घसारा शिकवताना सर सांगत, की घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मालमत्तेची किंमत दरसाल कमी होते पण शून्य कधी होत नाही. तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं. सरांनी फळ्यावर यंत्रसामग्री मांडण्याऐवजी एक साडी मांडली असती तर मी पहिल्या वर्गात आलो असतो.

तर शालू उलगडला. आईनं तो दिवाणावर पसरला आणि मला बोट लावून दाखवलं. घडीच्या रेषेवर रेशीम चिरलं होतं. एका जागी नाही, चार जागी.

"दर दिवाळीला घडी बदलायची असते," ती म्हणाली. "यांच्या आजारपणात तीन वर्षं राहून गेलं."

मी काही बोललो नाही. मग माझं लक्ष शालूच्या आतल्या टोकाकडे, जे निऱ्यांच्या आत खोचलं जातं तिकडे, गेलं. तिथं काठ नव्हता. हातभर जागा सरळ कापलेली, कडेला बारीक टाके घालून दुमडलेली.

"हे काय?"

"हुजऱ्या," आई म्हणाली.

मला क्षणभर कळेचना.

"तुझा शेला. काकूंचा कुठला? काकूंकडे कसली जर? यांना कळलं असतं तर वाईट वाटलं असतं, म्हणून तुलाही तसंच सांगितलं. तू तर पोटात काही ठेवत नव्हतास." आणि तिनं कात्री घेतली. "धर तिकडून. ताणून धर, नाहीतर वाकडं जाईल."

मी धरलं. अडतीस वर्षांपूर्वी दिवसभर उभा राहिलो होतो, तसाच उभा राहिलो.

त्यानंतरची चार दिवसांची हकिकत थोडक्यात. चिरलेल्या घड्या आईनं चुण्यांत लपवल्या. मूळ अडचण घेराची होती. शालूचं रेशीम जुनं, ते फुगेना. यावरही इतिहासात उपाय सापडला. युरोपातल्या बायका आधी घोड्याच्या केसांचं कापड आणि एकावर एक परकर घालून घेर फुगवायच्या. मग पोलादी कड्यांचा हलका पिंजरा निघाला, त्याचं पेटंट १८५६ सालचं. क्लार्कचा हप्ता आणि बायकांचा पिंजरा एकाच वर्षी! एकात नवरा अडकला आणि एकात बायको. पिंजऱ्याला शेगडीची झळ लागून कित्येक बायका भाजून गेल्याही, त्यामुळे मी तो बेत आईपुढे मांडलाच नाही. तिनं जुनी मच्छरदाणी काढली, तिच्या तीन झालरी करून आतून लावल्या, आणि घेर असा उभा राहिला की मुक्ताला दारातून तिरकं यावं लागलं. मागचा शेव हिच्या निळ्या ओढणीचा झाला. त्यामुळे एल्साचीही सोय लागली.

संमेलनाच्या दिवशी सातपैकी चार राजकन्या तंतोतंत एकसारख्या निळ्या आल्या. स्टेशनजवळच्या दुकानदाराचं भलं झालं होतं. चटणीचा डाग राजकन्या क्रमांक दोनच्या गळ्याशी मी लांबूनही ओळखला. आमची चौथी तेवढी डाळिंबी. तिनं आपलं वाक्य वेळेवर म्हटलं. परत फिरताना मात्र निळा शेव रंगमंचाच्या खिळ्यात अडकला. मुक्तानं एकदा मागं बघितलं, दोन्ही हातांनी घेर धरला आणि हिसका दिला. फर्रकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. माझ्या शेजारी ही "माझी ओढणी" म्हणाली आणि आई "शाबास" म्हणाली, दोन्ही एकदमच.

रात्री आईनं उरलेला शालू मोजून पुन्हा मलमलीत बांधला. साडेतीन वार शिल्लक आहे. पोशाख वेगळा, त्याच्या शेजारी. दोन्हींच्या घड्या दिवाळीला बदलायच्या, हे काम आता माझ्याकडे आहे आणि मोबाइलमध्ये तशी आठवण लावून ठेवली आहे.

पुढच्या वर्षीच्या संमेलनाचा विषय बाईंनी आत्ताच गटावर कळवलाय. 'भाजीपाला'. मुक्ता वांगं आहे. हे वाचून झाल्यावर आईनं चष्म्यावरून हिच्या कपाटाकडे एकदा बघितलं. दुसऱ्याच दिवशी माझी बायको बँकेत आली, आणि लॉकरच्या रजिस्टरवर सही करून तिनं आपली जांभळी पैठणी आमच्याच शाखेत ठेवून दिली.